डाळीचं आपण बघायचं

याकोब मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं कायम हळद लागल्यासारखी पिवळी असत. लग्न होऊन मी मुरूमला आले तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या आणि त्यांच्या परसामधल्या बुटक्या भिंतीवरून. ते दोरीवर धुणं वाळत घालत होते. पुरुषमाणूस धुणं वाळत घालतो याचं नवल करावं, की ख्रिस्ती माणसाच्या बोटांना सकाळच्या प्रहरी हळद कशी याचं करावं, मला कळेना. नवी सून मी, विचारणार कुणाला? महिनाभरानं धीर करून त्यांच्या बायकोला, मार्थाबाईंना, विचारलं. त्या हसत सुटल्या.

"हळद कुठली! शोऱ्याचा तेजाब हाय त्यो, ॲसिड. बाटलीला धड बूच लावायची सवय न्हाय यांना."

आतून मास्तरांचा आवाज आला, "तेजाबाचा रंग न्हाय त्यो, अक्का. रंग आपल्याच कातड्यातला. तेजाब नुसता बाहेर काढून दावतो."

कातड्यात पिवळा रंग असतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पुढं कितीतरी दिवस भाकरी थापताना मी माझी बोटं निरखून बघत होते.

आमचं घर लिंगायत वाण्याचं. बाजाराच्या तोंडाशी दुकान, मागं तेलाचा घाणा. घरात कन्नड आणि मराठी मिसळून बोलत. सासऱ्यांना अप्पा म्हणत, सासूबाईंना अत्ती. दोघंही इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसत. आणि भिंतीपलीकडं मिशनचं बोर्डिंग. आईबापांना पोसवत नाहीत अशी खेड्यापाड्यांतली वीस-पंचवीस पोरं तिथं राहून शिकत. मार्थाबाई बोर्डिंग बघत आणि मास्तर निजाम सरकारच्या मधल्या शाळेत हिसाब आणि सायन्स शिकवत. मास्तरांचे आजोबा गावाबाहेरच्या वस्तीतले. धर्म बदलला, अंगावर कोट आला, हैदराबादेचं शिक्षण आलं, पण अत्तींच्या लेखी सगळं होतं तिथंच होतं. मार्थाबाई दारात आल्या की अत्ती आवाज चढवून म्हणत, "काय पायजे? तिथनंच सांग."

मास्तर हैदराबादेत उर्दूतून केमिस्ट्री शिकले होते. शिकून झाल्यावर तिथल्याच एका प्रोफेसरांच्या हाताखाली डाळींचं काम केलं. उर्दूत आंबट चिंचेला तुर्श म्हणतात तसे आंबट गुणाचे पदार्थ म्हणजे तुर्शे, आणि प्रत्येक प्राण्याचं मांस, प्रत्येक दाण्याचा गर ज्या बारक्या मण्यांनी बनतो ते अमिनो तुर्शे, म्हणजे अमिनो ॲसिड, असं ते सांगत. डाळ तेजाबात दिवस-दिवस उकळायची आणि कुठले मणी किती निघतात ते बघायचं, हे त्यांचं काम. पुढं बोर्डिंग चालवणारी आई आजारी पडली, तिच्यामागं इकडचं बोर्डिंग ओस पडायला आलं, म्हणून ते परत आले. याचं दुःख त्यांनी कधी उगाळलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "दोन वर्षं तुरीची डाळ उकळली, पण वरण काय झालं न्हाय. म्हणून आलो वापस."

येताना पेटीभर काचेच्या नळ्या आणल्या होत्या. मागच्या पडवीत एक लाकडी फळी, तिच्यावर त्या नळ्या, बाटल्या, एक सिगडी आणि पितळी दांड्याचं भिंग. त्याच फळीच्या वर खिळ्याला त्यांच्या आईच्या पेटीच्या कुलुपाची किल्ली आणि खाली पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, जाडजूड पुस्तक. ते उघडायच्या आधी मात्र साबणानं हात धूत. धुऊन रंग जात नसे, तरी धूत.

जेवायच्या आधी ते प्रार्थना करत. माझ्या स्वैपाकघराच्या खिडकीतून त्यांचा बोर्डिंगचा ओटा दिसायचा. पोरं रांगेनं बसलेली, पुढ्यात भाकरी, सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि मास्तरांचे अर्धे उघडे. कारण डोळे मिटले की कोण कुणाची भाकरी पळवतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा मी मार्थाबाईंना विचारलं की तुम्ही डोळे मिटून काय म्हणता. त्या म्हणाल्या, देवाकडं रोजची भाकरी मागतो. मास्तर तिथंच पाटीवर पोरांचा हिसाब तपासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "भाकरीच मागितलीय बघा, अक्का. डाळीचं नावच न्हाय प्रार्थनेत. डाळीचं आपण बघायचं, असं असणार."

मार्थाबाई रागावल्या. देवाच्या गोष्टीत चेष्टा त्यांना खपत नसे. पण मास्तर चेष्टा करत नव्हते, हे मला पुढं कळलं.

आमच्या सरहद्दीच्या मुलखात भानामतीची भीती फार. कुणाचे केस, कुणाची नखं भलत्याच्या हाती लागली की घरातले कपडे पेटतात, अंगावर फुल्या उठतात, अशा गोष्टी ऐकतच आम्ही मोठ्या झालो. असल्या गावात याकोब मास्तरांनी एके दिवशी बाबू न्हाव्याकडनं पोतंभर केस आणले. उघड्या परसात सिगडी पेटवली आणि केस तेजाबात घालून उकळायला ठेवले. तो वास! जळक्या शिंगाचा, कुजक्या अंड्याचा, काय काय होता त्यात. वारा बाजाराच्या दिशेचा. तासाभरात बाबू न्हाव्याच्या दुकानापुढं माणसं जमली. 'आमचे केस कुणाला दिलेस?' म्हणून त्याला धरलं, आणि तो जीव वाचवायला मास्तरांचं नाव घेऊन मोकळा झाला.

अत्ती देवघरात जाऊन बसल्या. "शिवा शिवा! शेजारी भानामती मांडलीया आणि आमी इथं भाकरी थापतोय!"

माणसं मास्तरांच्या दारात आली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात नुसताच हात. मास्तर तोंडाला पंचा गुंडाळून भांडं ढवळत होते. त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं आणि अगदी आनंदानं म्हणाले, "या, या. बरं झालं आलात. पण वाऱ्याच्या त्या बाजूला हुबं राहा, डोळे झोंबतील."

भांडायला आलेल्या माणसाला 'बरं झालं आलात' म्हटलं की त्याचं अर्धं भांडण तिथंच संपतं. उरलेलं अर्धं अप्पांनी संपवलं. अप्पा गावात वजनदार. ते पुढं झाले. "मास्तर, खरं सांगा. केस कशाला पायजेत?"

"अप्पा, आज सांगून पटायचं न्हाय. परवा या. दावतो."

तिसऱ्या दिवशी अप्पा गेले, मागं चार-पाच माणसं. मी खिडकीला. मास्तरांनी काळपट पाण्यात सोडा टाकून, कोळशाच्या भुकटीतून गाळून, पुन्हा निववून काय काय केलं होतं. शेवटी बशीच्या तळाशी पांढरी चमकणारी पूड राहिली होती. त्यांनी भिंग अप्पांच्या हातात दिलं. अप्पा वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"सहा कोनी हायेत," अप्पा म्हणाले. "सगळी सारखी. खडीसाखरच की ही."

"खाऊ नका फकस्त. ह्यो केसांतला एक अमिनो तुर्शा. सिस्टीन म्हणतात. केसाला बळ हाय ते याच्यानं."

अप्पांनी पुन्हा भिंग लावलं. बाबू न्हाव्याच्या पोत्यात गावातल्या झाडून सगळ्यांचे केस होते. वाणी, पाटील, मशिदीतला मुल्ला, जंगम, कोण नाही ते. अप्पा हळूच म्हणाले, "यातली माझी कंची?"

"ते आता देवालाच ठावं, अप्पा."

अप्पा मोठ्यांदा हसले. अप्पा हसले म्हणून बाकीचे हसले. भानामती मिटली. घरी येऊन जेवणानंतर हात धुताना अप्पा अत्तींना एवढंच म्हणाले, "माणूस येडा हाय, पण खोटा न्हाय."

मग लढाईची वर्षं आली. लढाई कुठं लांब चालली होती, पण महागाई मुरूमच्या बाजारात येऊन बसली होती. सरकारनं लेव्ही म्हणून शेतकऱ्याच्या खळ्यातून ज्वारी उचलली. जिथं तिथं धान्याची ओरड. बोर्डिंगला ज्वारी कशीबशी मिळे, डाळ परवडेनाशी झाली. पोरं तीन वेळा भाकरी आणि मिरचीचं पाणी खात. पोट भरायचं, पण पोरं मरगळली. मी खिडकीतून बघत होते, संध्याकाळी हुतुतू खेळणारी पोरं आता भिंतीला टेकून बसायची.

मास्तर आमच्या दुकानाच्या कट्ट्यावर आले. तिथं पाटलांच्या वाड्यातले दोघं-चौघं बसलेले. मास्तरांनी अप्पांना विचारलं, "अप्पा, आठ बैलांचा नांगर असला आणि त्यातला एक बैल लंगडा असला, तर नांगर कुणाच्या चालीनं चालतो?"

"लंगड्याच्या," पाटलांचा गडी म्हणाला. "त्यात काय इचारायचं?"

"बाकीचे सात किती का दांडगे असंनात?"

"असंनात की. लंगड्याच्या म्होरं कसं जातील?"

"हां. अमिनो तुर्शेबी तसेच आठ बैल. ज्वारीतला एक बैल लंगडा हाय. लायसिन त्याचं नाव. पोरगं कितीबी भाकरी खाऊ दे, अंग त्या बैलाच्या चालीनंच वाढणार. डाळीत त्यो बैल धडधाकट हाय. डाळीतला दुसरा एक लंगडा हाय, पण त्यो ज्वारीत धट्टाकट्टा. दोन्ही दावणीची जनावरं एका नांगराला जुंपली, की चालला नांगर. म्हणून आपल्या म्हाताऱ्यांनी भाकरीसंगं वरण लावलंय. त्यांनी तेजाबात काय उकळलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं."

सगळ्यांना पटलं. अत्तींनाही आतून ऐकून पटलं असावं, कारण तेव्हापासून धाकटे दीर सकाळी लवकर उठले नाहीत की त्या म्हणत, "उठ की रे लायसिना!"

"पण मास्तर, डाळ कुठनं आणू मी?" अप्पा म्हणाले. "माझ्याच दुकानात न्हाय."

"डाळ नको. मला तुमची पेंड पायजे. शेंगदाण्याची."

पेंड म्हणजे तेल काढून राहिलेला चोथा, गाईम्हशींना घालायचा. अप्पांचा चेहरा उतरला. "जनावराचं खाणं पोरांना घालता? उद्या गाव म्हणंल, वाण्यानं पोरांना पेंड इकली. आणि पोरांचे आईबाप काय म्हणतील? न्हाय. दुसरं काय बी मागा."

मास्तरांनी वाद घातला नाही. कट्ट्याच्या कडेला पडलेला पेंडीचा तुकडा उचलला, फुंकला, खिशातला गुळाचा खडा काढला आणि तिथंच बसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना पुन्हा आले, पुन्हा तुकडा खाल्ला, अप्पांना रामराम केला आणि गेले. रोज हेच. अप्पा तोंड फिरवून बसत. शेवटी एक दिवस अत्तीच मला म्हणाल्या, "जा, तुझ्या मामंजींना सांग. घाणा धुऊन घ्या, दाणं सोलून टाका आणि त्या माणसाला एकदाचं चांगलं काय त्ये द्या. रोज दारात बसून गुरांचं खातोय, बघवत न्हाय."

अप्पांनी घाणा धुतला. सोललेले, निवडलेले दाणे घातले आणि पांढरी स्वच्छ पेंड काढून दिली. मास्तर ती दळून, तिच्यात भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ मिसळून भाकरीबरोबर पिठलं करायला लावत. हरभरा थोडाच, पण हवाच, म्हणत. पेंडीतही लायसिन जरा लंगडतंच.

आणि अप्पा म्हणाले होते तसंच झालं. लोहारा गावाकडचा एक बाप काठी घेऊन बोर्डिंगच्या दारात उभा राहिला. "धर्म बी घेतला आणि आता माझ्या पोराला पेंड चारता? बैल हाय का त्यो?"

मार्थाबाई घाबरल्या. मास्तरांनी आतून ताट आणलं, भाकरी आणि पिवळंधमक पिठलं, कांदा फोडला आणि त्याच्यापुढं ठेवलं. "लांबनं आलासा. आधी जेवा. मग मारा."

तो माणूस उपाशी होता. चालत आला होता. जेवला. दुसरी भाकरी मागून घेतली. मग बोटं चाटत म्हणाला, "हीच का पेंड?"

"हीच."

त्यानं रिकामं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "पोरगं ऱ्हाऊ द्या इथंच."

गंगव्वा आमच्याकडं शेंगा निवडायला यायची. नवरा परागंदा, पाठीला तान्हं पोर, आणि हाताला सोनी नावाची चारेक वर्षांची मुलगी. सोनी शेडच्या कोपऱ्यात बसून असायची. रडायची नाही, खेळायची नाही. पाय सुजलेले, पोट पुढं आलेलं, आम्हाला वाटायचं पोरगी अंगानं बाळसेदार आहे. मास्तर एकदा पेंड न्यायला शेडमध्ये आले, तिच्यापुढं उकिडवे बसले, तिच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. मग तिचे केस चिमटीत धरून उजेडाकडं केले. मुळाशी केस तांबूस, विरळ.

"हिच्या अंगात कायच उरलं न्हाय, अक्का," ते मला म्हणाले. "हे बाळसं न्हाय, पाणी हाय."

त्या दिवसापासून सोनी भिंतीपलीकडं जाऊ लागली. मार्थाबाई तिला मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं भरवत. पेंडीचं आणि हरभऱ्याचं पीठ, दुधात शिजवलेलं, वर जरासा गूळ. दूध कुठलं? ते आमच्या गाईचं. अत्ती रोज सकाळी तांब्या भिंतीवर ठेवत आणि कुणीही न विचारता मोठ्यांदा म्हणत, "आज जास्ती झालंय. नासून जाईल म्हणून दिलं."

पोरगी तोंडातला घास तसाच धरून बसायची. गिळायची नाही, थुंकायची नाही, नजर कुठंतरी. दहा-बारा दिवस असेच गेले. मग एका सकाळी मी ज्वारी पाखडत होते आणि पलीकडून मास्तर ओरडतच भिंतीशी आले. "रडली! अक्का, रडली! चमचा काढून घेतला तर भोकाड पसरलं!"

पोर रडलं म्हणून माणूस नाचतो, हे मी तेव्हाच पाहिलं. मास्तर मार्थाबाईंच्या हातातून तिला घेऊन अंगणभर फिरत होते, ती गळा काढत होती, बोर्डिंगची पोरं टाळ्या पिटत होती. अत्ती बाहेर आल्या. त्यांनी त्या दिवशी भिंतीला टेकून विचारलं, "आमचं दूध मानवलं म्हणायचं?"

सूज उतरली. पाय काटकुळे झाले, पण ते तिचे खरे पाय होते. ती पडवीत बसून मास्तरांच्या बाटल्यांची झाकणं एकात एक घालायची. मास्तरांनी तिच्यासाठी तेजाबाच्या सगळ्या बाटल्या वरच्या फळीवर चढवल्या आणि जन्मात पहिल्यांदा प्रत्येकीला नीट बूच लावलं. मला म्हणाले, "नांगर चालला, अक्का."

मग गावात गोवर आला. बोर्डिंगची पोरं तापली आणि उठली. सोनी उठली नाही. तिच्या अंगात झुंजायला अजून पुरेसं साचलं नव्हतं.

तिला पुरून आल्यावर मास्तर पडवीत फळीपुढं बसून राहिले. शाळेला जात, येत, पोरांचे हिसाब तपासत. पण खिडकीतून मला एक दिसत होतं. जेवणाच्या वेळी प्रार्थना आता मार्थाबाई म्हणत. पोरांचे डोळे मिटलेले, मार्थाबाईंचे मिटलेले, आणि मास्तर टक्क उघड्या डोळ्यांनी भाकरीकडं बघत बसलेले. हात मांडीवर. ओठ मिटलेले. कोण कुणाची भाकरी पळवतंय तेही त्यांना दिसत नव्हतं.

सोलापूरच्या बाजूनं एक पाद्री अधूनमधून येत, म्हातारे, चांगले गृहस्थ. तेही मास्तरांना भेटायला आले. ओसरीवर बसून त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "याकोबा, देवाची इच्छा. त्याला ती हवी होती."

मास्तर हळू बोलले, पण भिंतीच्या अलीकडं मला स्वच्छ ऐकू आलं. "पाद्रीसाहेब, मला म्हणालात, म्हणा. मी ऐकून घेतो. पण जाताना गंगव्वाला भेटणार असाल तर तिला हे म्हणू नका. ती विचारंल, देवाला हवी होती तर आधी उपाशी कशाला ठेवली. मला जबाब येत न्हाय. तुम्हाला येत असंल तर जा."

पाद्री म्हणाले, "मलाही येत नाही." त्या दिवशी ते गंगव्वाकडं गेले, पण उपदेश केला नाही. तिच्या दारात बसले, तिच्या हातचं पाणी प्यायले आणि आले. हे गंगव्वानंच मला सांगितलं.

दिवस गेले. एका दुपारी गंगव्वा शेंगांच्या शेडमधून उठली आणि सरळ बोर्डिंगच्या दारात गेली. पाठीवरचं पोर, आता दीड वर्षाचं, तिनं ओट्यावर ठेवलं. तिच्या अंगावरचं दूध आटलं होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "ह्याचं बी पाय सुजल्यात."

मास्तर पडवीत होते. आले नाहीत. मार्थाबाईंनी हाक मारली, "अहो." तरी आले नाहीत. गंगव्वा तशीच उभी. तिनं तिच्या मुलीला याच ओट्यावरून नेलं होतं आणि याच ओट्यावर दुसरं पोर आणून ठेवलं होतं. मी भिंतीशी सूप धरून उभी.

शेवटी मास्तर बाहेर आले. पोराच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा बघितला. मग उठून आत गेले, पीठ कालवून आणलं आणि खाली बसून पोराला स्वतःच्या मांडीवर घेतलं. चमचा भरला. पण तो पोराच्या तोंडाशी नेण्याआधी थांबले. त्यांनी डोळे मिटले. इतक्या दिवसांनी मिटले.

त्यांचे शब्द पोरासाठी नव्हते, गंगव्वासाठी नव्हते आणि माझ्यासाठी तर नव्हतेच. "तू दे नाहीतर न्हाय दे," ते म्हणाले. "मी मागायचं सोडणार न्हाय. आणि भरवायचं बी सोडणार न्हाय."

मार्थाबाईंनी तोंडावर पदर घेतला. एरवी देवाशी असं बोललेलं त्यांना खपत नसे.

ते पोर जगलं. शिवलिंग त्याचं नाव. नावावरून मिशनच्या एका बाईंनी काही म्हटलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "नाव आईनं ठेवलंय. मी फकस्त पीठ कालवलंय." मास्तरांनी गंगव्वाला किंवा आम्हाला कधी धर्माचं काही शिकवलं नाही. नाताळला मात्र ते टाळ घेऊन पोरांसोबत भजनं म्हणत बाजारातून फिरत, आवाज अगदी बेसूर, आणि आमच्या दुकानापुढं आले की अप्पा गादीवरून उठून उभे राहत.

पुढं ते वाईट वर्ष आलं. रझाकारांची भीती वाढली, रोज नव्या बातम्या. आमच्यासारखी घरं गाडीत सामान घालून सोलापूरकडं निघाली. आम्हीही निघालो. सगळं आवरलं, पण गाय कुठं न्यायची? अप्पा म्हणाले, सोडून देऊ. अत्तींनी दावं हातात घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बोर्डिंगच्या अंगणात पाय ठेवला. मास्तरांच्या हातात दावं दिलं. "दूध पोरांना घाला," म्हणाल्या. "आणि हिला पेंड घाला. ती तुमी पोरांना घालता, हिला बी घाला."

"तुम्ही काळजी करू नका, अत्ती," मास्तर म्हणाले. अत्ती म्हणणारं आमच्या घराबाहेरचं ते पहिलं माणूस.

काही महिन्यांनी परत आलो तेव्हा गाय दावणीला होती, चांगली तुकतुकीत. गंगव्वा तिचं बघत होती. बोर्डिंग मात्र हललं होतं. मिशननं पोरांना आणि मास्तर-मार्थाबाईंना आपल्या दुसऱ्या गावच्या ठाण्यावर पाठवलं होतं. अत्तींनी गाईच्या अंगावरून हात फिरवला आणि पलीकडच्या रिकाम्या ओट्याकडं बघितलं.

मला ते त्यानंतर एकदाच दिसले. मी माहेरून येत होते. मोटार जळकोटला थांबली, इंजिनात पाणी घालायला. माझी धाकटी मांडीवर झोपलेली. रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत पोरं खेळत होती आणि त्यांच्यामध्ये डोक्यानं पांढरे झालेले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेले याकोब मास्तर धावत होते. मी काचेतून ओरडले, "मास्तर!" त्यांनी कपाळावर हात धरून मोटारीकडं पाहिलं. उन्हाकडं तोंड होतं. मी दिसले असेन की नाही कोण जाणे. त्यांनी सगळ्या मोटारीलाच हात जोडले. तेवढ्यात एक किडमिडं पोरगं त्यांचा सदरा ओढून तावातावानं काही सांगू लागलं. मास्तर त्याच्याकडं वळले. उतरावं म्हणून मी लेकीला खांद्यावर घेतलं, तर मोटार हलली. मागच्या काचेतून पाहिलं. ते पोरगं हातवारे करून भांडतच होतं, आणि मास्तर धुळीत गुडघे टेकून, मान खाली घालून त्याचं ऐकत होते.